मालिश शिकलेल्या मुलीला पत्र

प्रिय बाय,

कोर्स पुरा झाला, तारकर्लीच्या रिसॉर्टवर काम मिळालं आणि गावातली माणसंही बोलवायला लागली, हे वाचून फार आनंद झाला. लोकांना मालिशचे फायदे काय सांगू, असं विचारलंयस. खरे तेवढेच सांग. ते काही थोडे नाहीत.

आखडलेले स्नायू सैल पडतात, कंबर-मानेचं दुखणं हलकं होतं, जीव शांत होतो, पुष्कळांना झोपही बरी लागते. पण कंबरेचा आराम बहुधा थोडेच दिवस टिकतो, म्हणून रोजचं चालणं आणि व्यायाम चालू ठेवायला सांग. मालिशने अंगातली विषद्रव्यं निघून जातात, असं कुणी पाटीवर लिहिलं तरी तू म्हणू नकोस. ते काम यकृताचं आणि मूत्रपिंडांचं. चरबीही वितळत नाही.

कुठे दुखतं हे विचारण्याआधी काम काय करता ते विचार. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबे काढणाऱ्याचे हात हंगामभर डोक्याच्या वर असतात, त्याचे खांदे आणि मान दगड झालेली असते. भातलावणीला वाकलेली बाई कंबर दाखवते, पण तिच्या मांडीच्या मागच्या बाजूलाही हात फिरव. दिवसभर वाकून ती बाजू ताणलेली असते. तेल घाण्याचं खोबरेल घे. जुनी माणसं सांध्यांना उंडीच्या झाडाच्या बियांचं तेल मागतील; ते आधी मनगटाजवळ थोडं लावून बघ, खाज सुटली तर नको. भेगाळलेल्या टाचांना कोकमतेल चोळ.

आता मनाचं. आपल्या वाड्यांमधून कितीतरी म्हाताऱ्या एकट्या राहतात. मुलं मुंबईला, गणपतीला येतात नि जातात. त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला कुणी नसतं. अशी आजी गुडघ्याचं निमित्त सांगून बोलवेल. तिच्याकडे घाई करू नकोस. आपल्या त्वचेत मायेचा, हळुवार स्पर्श ओळखणारे वेगळे मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण 3 सेंटिमीटर इतक्या सावकाश फिरणाऱ्या हाताला ते सर्वांत जास्त जागे होतात. भराभर चोळलंस तर तो परिणाम मिळायचा नाही. ती बोलली तर ऐक, रडली तर हात काढून घेऊ नकोस. माझ्या मते या कामातलं सगळ्यात मोठं पुण्य इथे आहे.

आणि नाही म्हणायला शीक. आयुर्वेदाचा ग्रंथ लिहिणाऱ्या वाग्भटाने अभ्यंग, म्हणजे तेलाचं मालिश, रोज करावा म्हटलं, पण अजीर्ण झालेल्याला करू नये हेही तिथेच सांगितलं. एकच पाय सुजलेला, गरम, पोटरी दुखरी असेल तर अजिबात चोळू नकोस. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस दगावू शकतो. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठव. ताप, उघडी जखम, नुकतं मोडलेलं हाड असेल तर थांबायचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून, तेही हलक्या हाताने. मधुमेह्याच्या पायांना पुष्कळदा चटका कळत नाही, तेव्हा तेल कोमटच, आणि ते तुझ्या हाताने तपासलेलं. बाळंतघरी गेलीस तर बाळाच्या नाकाकानात तेल घालू देऊ नकोस, आजी कितीही रागावली तरी. नाकातलं तेल छातीत उतरतं.

तुझ्या अंगठ्यांनाही जप. सगळा जोर अंगठ्यांवर दिलास तर ते लवकर कुरकुरतील. गुडघे किंचित वाकवून अंगाचा भार दे, रुंद पाठीला कोपराखालचा हात वापर. दोन गिऱ्हाइकांमध्ये पंधरा मिनिटं सुटी हवी, हे रिसॉर्टवाल्यांशी कामावर रुजू होण्याआधीच बोलून घे.

तुझी,
मावशी