वाचकांचे प्रश्न : माळवद गळतंय, पाडावं का?

प्रश्न : अक्कलकोट तालुक्यात आमचं दगडी भिंतींचं, माळवदाचं (लाकडांवर माती पसरलेल्या सपाट छपराचं) घर आहे. दरवर्षी मृगाआधी वर मातीची भर घालतो, तरी गेल्या पावसाळ्यात दोन खण (तुळयांमधले भाग) गळले. गवंडी म्हणतात, पाडून स्लॅब टाका. पण उन्हाळ्यात गारवा इथंच मिळतो. काय करावं?

उत्तर : लगेच पाडू नका. आधी तुळया आणि सर (तुळयांवरची आडवी लाकडं) यांची भिंतीत शिरलेली टोकं पेचकसाने टोचून पाहा. पेचकस सहज अर्धा इंच आत गेला तर लाकूड कुजलंय. अशा ठिकाणी खालून टेकू द्या आणि ते बदलेपर्यंत वर कुणाला चढू देऊ नका.

मग मातीची जाडी मोजा. भर दरवर्षी पडते, जुनी माती मात्र कुणी काढत नाही. शंभर चौरस फुटांवर एक इंच माती म्हणजे सुमारे ४०० किलो वजन, भिजल्यावर त्याहून जास्त. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंती आणि असली जड छपरं अंगावर येऊन माणसं गेली, हे विसरून चालणार नाही. म्हणून नवी भर घालण्याआधी जुनी माती खरवडा आणि एकूण थर आठ इंचांवर आणा. एवढ्या थरातूनही दुपारचं ऊन खाली पोचायला रात्र होते. तेव्हा रात्री झरोके उघडे ठेवा.

काम उन्हाळ्यातच उरका. माती गावठाणातली पांढरी घ्या. काळी अजिबात नको, ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. चिखलाची दोन इंची टिकली सावलीत वाळवून पाहा, तडकली तर ती माती बाद. दहा घमेली मातीत दोन घमेली गव्हाचा भुसा घालून चार दिवस भिजवा, रोज तुडवा. एकेक इंचाचे दोन थर द्या. थर अर्धवट सुकला की चोपण्याने चोपा आणि बारीक भेगांत शेणकाला भरा.

गळती बहुतेक पन्हळीच्या (छपरावरचं पाणी भिंतीबाहेर टाकणाऱ्या नळीच्या) तोंडाशीच सुरू होते. पूर्वीचा पाऊस रिमझिम, दोन पन्हळी पुरायच्या. ऑक्टोबर २०२०सारखा पाऊस कोसळला तर पाणी तुंबतं आणि मातीत मुरतं. दर तीन फुटांना एक इंच उतार ठेवा, दोनशे चौरस फुटांमागे एक पन्हळ बसवा आणि ती भिंतीबाहेर किमान दीड फूट काढा. मातीखाली प्लास्टिक मात्र अंथरू नका. वरची माती त्यावरून घसरते, आणि खालच्या लाकडाची ओल वर निघत नाही.

प्रश्न : मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा चालेल का? (वाचक, बार्शी)

उत्तर : नाही. भिंतीतली ओल आत कोंडते, माती भुसभुशीत होते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू असा गिलावा करा. कळीचा (भाजलेला, अजून न विरवलेला) चुना असेल तर किमान पंधरा दिवस पाण्यात मुरू द्या, नाहीतर न विरलेले खडे नंतर फुगून गिलाव्याला फोड येतात. गिलावा सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा.