शेंडा रेखीव हवा, पण नाक आपलंच

प्रश्न : माझं नाक रुंद, शेंडा गोल आणि त्वचा जाड आहे. शस्त्रक्रियेने थोडा रेखीवपणा हवा, पण घराण्याची ठेवण जायला नको. जमेल का?

उत्तर : जमेल. मात्र जाड त्वचेत ‘आतलं कापा, नाक लहान होईल’ हा हिशेब चुकतो. आधार गेला तरी त्वचा तेवढी आक्रसत नाही. त्वचेखाली जखम भरताना व्रणाचा थर साचतो आणि शेंडा उलट अधिकच बोथट दिसतो. म्हणून इथे कूर्चा (नाकाला आकार देणारं मऊ, लवचिक हाड) काढण्यापेक्षा जोडण्यावर भर असतो. नाकाच्या मधल्या पडद्यातली कूर्चा घेऊन शेंड्याला टेकू देतात, टाक्यांनी त्याला आकार देतात. पडद्याची पुढची आणि वरची किमान १ सेंटिमीटर पट्टी राखावीच लागते, नाहीतर नाक खचतं. पडदा अपुरा पडला तर कानाची किंवा बरगडीची कूर्चा.

नाकपुड्यांची रुंदी सगळ्यात शेवटी, तीही हात राखून, एकेका बाजूला २-३ मिलिमीटर. जास्त कापलेलं भरून काढणं महाकठीण.

शस्त्रक्रियेनंतर नाकावर बाहेरून लावलेली आधारपट्टी आठवड्याभरात निघते. शेंड्याची सूज वर्ष-दीड वर्ष रेंगाळते. सर्जनकडे जाड त्वचेच्या रुग्णांचे वर्षानंतरचे फोटो मागा, महिन्याभरातले नकोत.