बेटा मासा दिवसभर काचेवर कल्ले फुलवून धावून जातो, काय करू?

बहुतेक वेळा तो काचेत स्वतःलाच बघून दुसरा नर समजतो. खोलीत अंधार आणि टाकीत दिवा असला की काचेचा आरसा होतो. बाहेरून तीन बाजूंना फिकट कागद लावा, दिवा आठ तासच ठेवा.

मधूनमधून कल्ले फुलवणं स्वाभाविक आहे. पण पंख मिटून तळाशी बसत असेल, रंग उतरला असेल, तर तो ताण. दुकानातला गोल बाऊल कृपा करून आजच बदला! किमान 20 लिटरची टाकी, 25 ते 27 अंश पाणी (थंडीत हीटर हवाच), फिल्टरचा प्रवाह अगदी मंद, लपायला झाडं. देशी बदामाचं वाळलेलं पान धुऊन टाकलं तरी त्याला आडोसा मिळतो. दोन नर मात्र कधीच एकत्र ठेवू नका.