वाचकांचे प्रश्न : हत्यारांच्या पेट्यांसाठी कपाट

प्रश्न : भांडुपला एका औद्योगिक वसाहतीत तळमजल्यावर माझा फर्निचरचा छोटा गाळा आहे. ड्रिल, राउटर, जिगसॉ, ट्रिमर अशी यंत्रे घेत गेलो तशा त्यांच्या प्लास्टिकच्या पेट्याही साठत गेल्या. त्यांखेरीज पाच कप्प्यांच्या दोन जुन्या लोखंडी पेट्या आहेत. सगळ्या पेट्या भिंतीलगत एकावर एक रचलेल्या असतात आणि एक काढायची म्हटले की चार उतरवाव्या लागतात. कारागिरांना साइटवर जाताना पेट्या न्याव्या लागतात, त्यामुळे हत्यारे पेट्यांतून काढून ड्रॉवरमध्ये मांडणे मला परवडणारे नाही. कपाट कसे आणि कोणत्या मापाचे करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटची अडचण हीच या कपाटाची पहिली अट आहे. पेट्या रोज बाहेर जाणार आणि परत येणार असतील, तर कपाटाने हत्यारे नव्हे, पेट्या सांभाळायच्या आहेत. आणि कोणतीही पेटी दुसऱ्या पेटीला हात न लावता निघाली पाहिजे. ही अट पाळली जात असेल तर कपाट साधे असले तरी चालेल, आणि ती पाळली जात नसेल तर कितीही सुबक सनमायका लावला तरी उपयोग नाही. म्हणून भिंतीवर किती जागा आहे हे मोजून सुरुवात करू नये. आधी पेट्या मोजाव्यात आणि भिंतीचा विचार नंतर करावा.

मोजताना कड्या, मुठी आणि बाहेर आलेले कोपरे धरून रुंदी, खोली व उंची लिहून घ्यावी आणि झाकण उघडल्यावर ते मागे किती जाते हेही पाहावे. एकमेकींत अडकणाऱ्या पेट्यांची मापे कंपन्यांनी ठरवलेली असतात, त्यामुळे काम सोपे होते. सिस्टेनर प्रकारच्या पेटीचा तळ 396 बाय 296 मिमी असतो आणि तिच्या जुन्या मालिकेत उंची 105, 157.5, 210, 315 आणि 420 मिमी अशी वाढत जाते. मकिताच्या मॅकपॅक पेट्यांचा तळ जवळपास तेवढाच आहे. बॉशची एल-बॉक्स त्याहून मोठी, म्हणजे 442 बाय 357 मिमीची असून तिच्या दोन लहान पेट्यांची उंची 117 आणि 151 मिमी आहे. आपल्याकडे दोन्ही प्रकार असतील तर कपाट मोठ्या मापाचे करावे आणि लहान पेटीसाठी तिच्या ट्रेमध्ये, म्हणजे पेटीखालच्या सरकत्या खोक्यात, दोन्ही बाजूंना एकेक इंचाची पट्टी ठोकावी. पुढे पेट्या बदलल्या तर पट्ट्या काढता येतात, कपाट मोडावे लागत नाही.

आता 442 मिमीच्या पेटीचा हिशेब मांडू. पेटी सहज बसावी म्हणून दोन्ही बाजूंना चार-चार मिमी मोकळीक सोडली की ट्रेची आतली रुंदी 450 होते. त्याला 12 मिमी प्लायच्या दोन उभ्या बाजू लावल्या की बाहेरून 474. टेलिस्कोपिक चॅनेलला (ट्रे ज्यावर आतबाहेर सरकतो ती, बारीक पोलादी गोळ्यांवर चालणारी पट्टी) दर बाजूस अर्धा इंच, म्हणजे 13 मिमी जागा लागते. ती धरून कपाटाची आतली रुंदी बरोबर 500 मिमी येते. 18 मिमीच्या दोन कडेच्या फळ्या मिळवल्या की बाहेरची रुंदी 536. या अर्ध्या इंचाबाबत अंदाजाने काम करू नये. जागा दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी पडली तर ट्रे आत जाणार नाही आणि दोन सूत जास्त झाली तर चॅनेल खेचला जाऊन गोळ्या निसटू लागतील. ट्रेच्या बाजू 60 मिमी उंच ठेवाव्यात, कारण नेहमीचा चॅनेल 45 मिमी रुंद असतो आणि त्याचे स्क्रू बसायला लाकूड हवे. समोरची बाजू मात्र उघडी ठेवावी किंवा तिथे जेमतेम 10 मिमीची पट्टी लावावी, म्हणजे पेटी सरळ पुढे ओढून उचलता येते.

खोलीच्या बाबतीत बहुतेक कारागीर पेटीच्या मापाचाच चॅनेल घेतात, म्हणजे 357 मिमीच्या पेटीला 14 इंची. त्याने पेटी बाहेर येते, पण तिची मागची कड कपाटाच्या तोंडाशीच राहते आणि झाकण उघडू लागले की ते वरच्या ट्रेवर आपटते. त्याऐवजी 16 इंची, म्हणजे 400 मिमीचा पूर्ण उघडणारा चॅनेल घ्यावा. पेटी ट्रेच्या पुढच्या कडेशी ठेवली तर ट्रे पूर्ण ओढल्यावर तिची मागची कड कपाटाच्या 43 मिमी पुढे येते आणि झाकण जागेवरच उघडते. टेबलावर पेटी नेऊन ठेवायची, हवे ते काढायचे आणि पुन्हा आणून लावायची, ही दिवसभराची ये-जा एवढ्या एका बदलाने थांबते. माझ्या मते चॅनेलवर होणारा खर्च याच कारणासाठी योग्य ठरतो. तोही सगळ्या पेट्यांसाठी करू नये. रोज लागणाऱ्या पेट्यांना चॅनेल द्यावेत आणि महिन्यातून एकदा लागणाऱ्या पेट्यांसाठी कडेच्या फळ्यांत 6 मिमी खोल खाचा मारून 12 मिमीची फळी सरकवावी. खाचेला मेण घासले की फळी हलकी सरकते. बाजारात 12 मिमी म्हणून मिळणारा प्लाय नेहमी नेमका 12 भरत नाही, म्हणून खाच पाडण्यापूर्वी त्याच शीटच्या तुकड्यावर राउटरची एक चाचणी घ्यावी.

कापणीचा विचार मापे ठरवतानाच केला तर माल वाया जात नाही. 8 बाय 4 फुटांची शीट 2440 बाय 1220 मिमीची असते. तिच्यातून 400 मिमी रुंदीचे तीन लांब पट्टे निघतात आणि पात्याच्या वाटचे दर कापाला सुमारे तीन मिमी जाऊनही मेळ बसतो. खोली 420 ठेवली तर दोनच पट्टे निघतील. पण 400 मिमीचा चॅनेल 400 मिमी खोलीत फार ओढाताणीने बसतो, म्हणून समोरच्या कडेला 12 मिमी जाडीची सागवानी पट्टी लावून खोली 412 करावी. पेट्या आपटून प्लायच्या कडेचे थर सुटतात, तेही या पट्टीमुळे टळते. पट्टी आतल्या बाजूने फळीशी अगदी समपातळीत रंधून घ्यावी, नाहीतर ट्रे तिला घासत राहील. पाठीला 6 मिमीचा प्लाय मागून स्क्रूने लावावा आणि लावण्याआधी सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजून सारखे करावेत, म्हणजे तो गुण्यात (काटकोनात) येतो. पाठ वाकडी लागली की त्यानंतर एकही ट्रे सरळ चालत नाही.

कडेच्या फळ्या 750 मिमी उंच धरल्या आणि 500 मिमीचा माथा व तळ त्यांच्या मध्ये बसवला, तर एका शीटमधून दोन कपाटांचे सांगाडे निघून एक मोठा पट्टा उरतो. आतली उंची 714 मिमी मिळते. 151 मिमीच्या पेटीला 12 मिमीचा ट्रे आणि बोटे जाण्याइतकी मोकळीक धरून 190 मिमीचा एक खण, असे तीन खण आणि 117 मिमीच्या पेटीसाठी 144 मिमीचा चौथा खण या उंचीत बरोबर बसतो. जड पेटी तळाच्या खणात ठेवावी. खांद्याच्या वर वजन उचलण्याची वेळ येईल असे उंच कपाट बांधूच नये.

लोखंडी पेट्यांसाठी खण करू नका. त्या दोन्ही बाजूंना पंखांसारख्या उघडतात आणि वरही जागा मागतात, त्यामुळे खणात त्या ठेवता आल्या तरी उघडता येत नाहीत. वरील मापाची दोन कपाटे शेजारीशेजारी ठेवली की माथ्यावर 1072 मिमी लांबीचा ओटा मिळतो आणि खाली 150 मिमीचा स्टँड दिला तर त्याची उंची 900 मिमी, म्हणजे उभ्याने काम करण्याजोगी होते. लोखंडी पेट्या तिथे ठेवाव्यात. एका वेळी एकच उघडायची असेल तर एवढी लांबी सहसा पुरते, तरी आपली पेटी पूर्ण उघडून एकदा माप घ्यावे.

स्टँड लोखंडी अँगलचा करावा, प्लायचा नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिमी पाऊस नोंदला गेला, तसा दिवस रोज येत नाही हे खरे. पण मुंबईतल्या तळमजल्याच्या गाळ्यात भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की घोटाभर पाणी शिरणे नवलाचे नाही, आणि प्लायची खालची कड एकदा पाणी प्यायली की थर फुगतात. आपल्या गाळ्यात पूर्वी पाणी कुठवर आले होते याची खूण भिंतीवर असेल तर स्टँड त्याहून उंच घ्यावा आणि ओट्याची उंची तेवढी वाढू द्यावी. कपाट भिंतीला चिकटवू नये. एक इंचाची फट ठेवावी, म्हणजे भिंतीची ओल पाठीच्या प्लायमध्ये उतरत नाही. तरीही त्या फटीत लाकडाचे ठोकळे देऊन कपाट अँकर फास्टनरने भिंतीला बांधणे आवश्यक आहे, कारण भरलेले दोन ट्रे एकाच वेळी बाहेर ओढले गेले तर सुटे कपाट पुढे कलंडते आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या पायावर येते.

दारे लावावीत का, असे आपण विचारलेले नाही, पण पुढे तो प्रश्न येईलच. लावू नयेत. पेट्यांना स्वतःची झाकणे आहेत, धूळ ती अडवतात, आणि अरुंद गाळ्यात उघडे दार म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेतला अडथळा. चॅनेलच्या गोळ्यांमध्ये मात्र भुसा साठतो. तो ब्रशने किंवा ब्लोअरने काढावा आणि तिथे ग्रीस लावू नये, कारण ग्रीसवर भुसा बसून लगदा होतो.

प्रश्न : मी इंटिरियरची कामे घेतो. माझे चार सुतार रोज वेगवेगळ्या साइटवर असतात. पेट्या हत्यारांच्या प्रकारानुसार भराव्यात की कामानुसार? (परळ)

उत्तर : कामानुसार. सगळ्या पटाश्या एका पेटीत आणि सगळे ड्रिल बिट दुसऱ्या पेटीत असले, तर कपाट नीटनेटके दिसते, पण बिजागऱ्या बसवायला निघालेल्या माणसाला तीन पेट्या उचलाव्या लागतात, आणि लोकलच्या गर्दीत किंवा सोसायटीच्या जिन्यावर त्या तीन पेट्यांचे काय होते ते आपण जाणताच. बिजागऱ्या आणि चॅनेल बसवण्याची एक पेटी, सनमायका व कडपट्टीची एक, भिंतीत भोके पाडून टांगण्याच्या कामाची एक, अशी वाटणी करावी. टेप, पेन्सिल, लहान गुण्या आणि स्क्रू ड्रायव्हर प्रत्येक पेटीत वेगळे ठेवावेत. या स्वस्त वस्तूंची पुनरावृत्ती झाली तरी बिघडत नाही. प्रत्येक पेटीला आणि तिच्या खणाला एकच क्रमांक द्यावा व झाकणाच्या आत वस्तूंची यादी चिकटवावी, म्हणजे संध्याकाळी कोणता खण रिकामा आहे आणि कोणत्या पेटीत काय कमी आहे हे विचारावे लागत नाही.

बॅटरी चार्जर या कपाटात बसवू नये. चार्ज होताना बॅटरी तापते आणि आजूबाजूला बारीक भुसा असतो, म्हणून चार्जर उघड्या, हवेशीर फळीवर, नजरेसमोर असावेत. थिनर आणि पॉलिशचे डबे त्या फळीपासून लांब ठेवावेत.

प्रश्न : अशा कपाटासाठी एमडीएफ चालेल का? प्लायपेक्षा स्वस्त पडते. (मुलुंड)

उत्तर : चालणार नाही. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी. तिच्या कडेत स्क्रूची पकड कमी असते, भरलेल्या ट्रेचे झटके तिला सोसत नाहीत आणि पाणी लागले की ती फुगते आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. आयएस 303 या भारतीय मानकाखालील बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या) प्रतीचा प्लाय या कामाला पुरेसा आहे. आयएस 710 चा मरीन प्लाय घेतला तर उत्तमच, पण पैसे मोजकेच असतील तर ते आधी चांगल्या चॅनेलवर खर्च करावेत.

प्रश्न : वडिलांचे रंधे आणि पटाश्या मी झाकणाच्या पेटीत फोम कापून जपून ठेवल्या आहेत. तरीही पावसाळ्यात गंज चढतो. पेटी तर घट्ट बंद असते. (गिरगाव)

उत्तर : पेटी घट्ट असणे हेच येथे अर्धे कारण आहे. जुलैत दमट हवेत पेटी उघडली की ती हवा आत जाते आणि झाकणाखाली अडकते. रात्री लोखंड थंड झाले की त्यातील बाष्प पात्यावर बसते. फोम ओलावा धरून ठेवतो आणि तो पात्याला चिकटूनच असतो. हाताचा घामही लागलेला असतो, आणि घामातील मिठामुळे गंज फार लवकर धरतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाती फोममधून काढून, कोरड्या फडक्याने पुसून, त्यांवर मशीन ऑइलचा अगदी पातळ हात फिरवावा आणि प्रत्येक पाते तेल लावलेल्या कागदात गुंडाळावे. खोबरेल तेल वापरू नये, ते पुढे चिकट होते. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि तिचा रंग बदलला की ती मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडी करावी. रंग न बदलणारी पुडी घेतली तर ती कामाची उरली आहे की नाही हे कळत नाही. जुने सुतार पेटीत कापराच्या वड्या ठेवतात, ती सवय चांगली आहे, पण कापूर उडून जातो, म्हणून वड्या बदलत राहाव्या लागतात.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारे पुसून त्यांची पूजा करतात. पाऊस ओसरत असताना येणारा हा दिवस वर्षाच्या तपासणीसाठी फार योग्य आहे. त्या दिवशी रंध्याचे पाते आणि त्यावरची लोखंडी टोपी वेगळी करून मधला भाग अवश्य पाहावा, कारण गंज तिथे सुरू होतो आणि बाहेरून दिसत नाही. पृष्ठभागावर तांबूस डाग असतील तर तेल आणि 400 नंबरच्या पाण्याच्या पेपरने ते निघतील. पात्याच्या सपाट पाठीवर धारेजवळ खड्डे पडले असतील, तर मात्र ते दगडावर घासून पूर्ण जाईपर्यंत धार लावण्यात अर्थ नाही.