एक हिरवा ठिपका दिसला की पोळी बाद!

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, भाजी म्हटलं की तोंड फिरवतो पण पोळी आवडीने खातो, म्हणून म्हटलं पोळीतच घालू. तर गाजर, दुधी किसून घातला की हा पठ्ठ्या पोळी उजेडात धरून बघतो आणि एकेक कण नखाने काढून ताटाच्या कडेला लावतो!! वर माझी कणीक हाताला चिकटते, लाटताना फाटते, जास्त पीठ घातलं की पोळ्या चिवट. काय चुकतंय? आणि सासूबाई म्हणतात पोराला फसवू नकोस, हे असं लपवून घालणं चूक आहे का?

उत्तर : उजेडात धरून बघतो हे वाचून खूप हसले, तपासणी अधिकारीच आहे घरात.

आधी कणकेचं बघू. तुम्ही बहुतेक नेहमीसारखं पाणी घालून मळताय आणि त्यात किस टाकताय. दुधीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं आणि मीठ लागलं की ते सुटायला लागतं, म्हणजे मळताना बरी वाटलेली कणीक पंधरा मिनिटांत सैल होणारच. त्यापेक्षा बारीक बाजूने किसा, चिमूटभर मीठ लावून 10 मिनिटं ठेवा, मग घट्ट पिळा आणि पाणी फेकू नका. पिळलेला किस आणि चमचाभर तेल कोरड्या पिठात चोळून घ्या, मग तेच पाणी लागेल तसं थोडं थोडं. नेहमीपेक्षा जरा घट्टच मळा आणि लगेच लाटायला घ्या, ही कणीक फ्रीजमध्ये उद्यासाठी ठेवायच्या भानगडीत पडू नका.

आता तपासणी. माझ्या अनुभवात या वयाच्या मुलांचं भांडण रंगाशी कमी आणि ठिपक्याशी जास्त असतं. म्हणून किस बंद, प्युरी सुरू. लाल भोपळा वाफवून पाणी न घालता मिक्सरमधून काढा, एक वाटी कणकेला अर्धी वाटी, बास, वरून पाण्याची जवळजवळ गरजच पडत नाही. गोडसर लागतो, पोळी मऊ राहते, सुरुवात यानेच करा. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर, मग गार पाण्यात, मग मिक्सर. सगळी पोळीच हिरवी झाली की नखाने काढणार काय? वरून तूप लावाच, गाजर-भोपळ्यातलं बीटा कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते, अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. बीट घातलंत तर एक सांगून ठेवते, दुसऱ्या दिवशी शू गुलाबी दिसू शकते. मला कोणी सांगितलं नव्हतं, लेकीला घेऊन सकाळी सकाळी डॉक्टरांकडे पळाले होते मी!

लपवण्याबद्दल सासूबाईंचं थोडं बरोबर आहे हो. अर्ध्या वाटी प्युरीत चारपाच पोळ्या होतात, म्हणजे एका पोळीत भाजी जेमतेम दीड-दोन चमचे, तेवढ्यावर भाजी खाल्ली असं म्हणता येणार नाही. आणि चव ओळखीची व्हायला ती दिसायला पण हवी ना. साधारण दोन ते सहा वर्षांत मुलं नव्या पदार्थाला अशी बिचकतातच, एखादी चव 10-15 वेळा समोर आली की मग कुठे घेतात. म्हणून पोळीत घालाच, पण ताटात त्याच भोपळ्याची एक फोड उघडी पण ठेवा, खा म्हणून मागे लागू नका. त्याने विचारलं तर खरं सांगा, त्याहून बरं म्हणजे प्युरी पिठात ओतायचं काम त्यालाच द्या, हात माखू देत.

आणि ते कडेला लावलेले कण लगेच उचलू नका हं. माझी लेक असेच कण जमवत बसायची आणि एक दिवस बोटाला चिकटलेला गाजराचा कण नकळत चाटून गेली, मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले.