दहावी-बारावीतील मुले आत्महत्येकडे का वळतात? परीक्षेचे दडपण हेच मुख्य कारण आहे का?

परीक्षा हे पुष्कळदा शेवटचे निमित्त असते, एकमेव कारण क्वचितच. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. तरीही निकालाच्या दिवशी हळहळण्यापलीकडे आपण जात नाही, याचा मला राग येतो.

तालुक्याच्या गावी मी एकवीस वर्षे दहावीचा वर्ग सांभाळला. एका वर्षी सहामाहीनंतर वर्गातील एका मुलाने आपला कॅरमचा स्ट्रायकर, ज्याला तो एरवी कोणाला हात लावू देत नसे, रुमालात गुंडाळून बाकावरच्या सोबत्याला देऊन टाकला. गुण त्याला उत्तम होते. पण जिवापाड जपलेली वस्तू अशी देऊन टाकणे मला धोक्याची खूण वाटली, म्हणून मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसवून मी सरळ विचारले, "जीव द्यावा असे मनात येते का रे?" टेबलावरचा शाईचा डाग तो बराच वेळ नखाने खरवडत राहिला आणि मग म्हणाला, "बाई, मागच्या वर्षी एकदा केलं होतं." तेव्हा घरच्यांनी पोलिसांच्या भीतीने शाळेला कावीळ झाल्याचे कळवले होते. वडील दारू पिऊन आईला मारत आणि हा मध्ये पडत असे.

मुख्याध्यापक माझ्यावरच चिडले. "असे विचारून तुम्ही नसते खूळ त्याच्या डोक्यात भरवता," असे ते सर्वांसमोर म्हणाले. ते चुकत होते. विचारल्याने धोका वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. उलट मुलाला बोलायला वाट मिळते. त्याच्या आईला घेऊन मी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात गेले, उपचार सुरू झाले आणि तो मुलगा आज नोकरी करतो.

आधीचा प्रयत्न हा सर्वांत मोठा धोका आणि घरे तोच लपवतात. उपचार न झालेले नैराश्य, व्यसन, मारहाण, लैंगिक अत्याचार, शाळेतील छळ, घरात किंवा मित्रांत झालेली आत्महत्या आणि घातक वस्तू सहज हाताशी असणे, हेही तितक्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे. पोलिसांची भीतीही आता धरू नये, कारण २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि त्यासाठी तिला शिक्षा केली जात नाही.

अर्थात मी डॉक्टर नाही, आणि यांतले काही वाट्याला आलेली बहुसंख्य मुले या टोकाला जात नाहीत. परंतु ओळखीतल्या एखाद्या मुलामुळे तुम्हाला हा प्रश्न पडला असेल, तर उत्तरांची वाट पाहू नका. आजच त्याच्याजवळ बसून विचारा, त्याला एकटे सोडू नका आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा, तेथे मराठीतही बोलता येते.