ऑइल पोर्ट्रेट शिकण्यासाठी रोकोको शैलीतल्या (अठराव्या शतकातली नाजूक, सजावटी फ्रेंच शैली) चित्राची नक्कल करावी का? कोणतं चित्र घ्यावं?

जरूर करा. फ्रेंच चित्रकार फ्रागोनारचं ‘वाचणारी मुलगी’ (सुमारे १७६९) घ्या. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर मोठी प्रतिमा मोफत मिळते. चेहरा एका बाजूने दिसतो, त्यामुळे दोन डोळे जुळवण्याची कसरत वाचते.

आधी बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फक्त छायाप्रकाश मांडा. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्या, नाहीतर पुढे रंगाला तडे जातात. गाल सावकाश, मऊ कडांनी रंगवा. पिवळा झगा मात्र भरघोस रंगाने, झपाट्याने! गळ्याच्या झालरीत फ्रागोनारने ओल्या रंगावर ब्रशच्या दांड्याने ओरखडे काढलेत. तेही करून बघा, फार मजा येते.